कजाग आणि जावई

मामा जावयाच्या पोटाखाली उताणा पडून पुढची स्प्रिंग सोडवत होता आणि शंभरनंबरी शटरपाशी उभा राहून बोंबलत होता.

“अरे, पाप लागेल तुला! असल्या गाडीला हात लावायच्या आधी लोक हात धुतात!”

“धुतलेत,” खालून मामाचा आवाज आला. “सतराचा पाना दे गं.”

मी दिला. शंभरनंबरी माझ्याकडे वळला. “तू तरी सांग तुझ्या मामाला. डोकं फिरलंय त्याचं. हिच्या मऊपणासाठी लोक जीव टाकतात, आणि हा हिला मालाच्या व्हॅनच्या स्प्रिंगा बसवतोय.”

“त्याच्या मनात आलं तर तो बैलगाडीची चाकं बसवेल. तुमचं काय जातंय?”

“माझं काळीज जातंय!”

“मग ते उचला आणि बाजूला ठेवा, मला जॅकचा दांडा फिरवायचाय.”

जावई म्हणजे आमची गाडी. जुनी जपानी सेडान. लांब, काळी, बॉनेटच्या दोन टोकांना आरसे. आत मखमलीच्या सीटा, त्यांच्यावर पांढऱ्या जाळीची कव्हरं. दार लोटायचं नाही, नुसतं बोट लावायचं, बाकीचं ते स्वतः बघतं. तिचा थाट बघून मीच पहिल्या दिवशी म्हटलं होतं, हा जावई आलाय, ह्याला पाट मांडा. तेव्हापासून गाडी असून ‘तो’ झाला. आणि शंभरनंबरी म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. तळ नसलेली गाडीसुद्धा तो शंभर नंबरी माल म्हणूनच विकतो, म्हणून हे नाव. मनाने वाईट नाही. फक्त बोलतो फार.

त्या दिवशी तो निघताना मामाने काढलेल्या चारही स्प्रिंगा मागून घेऊन गेला. “ह्या तरी मला दे,” म्हणाला. “तू उद्या भंगारात घालशील.” पोत्यात गुंडाळून, दुखणाईत माणसाला न्यावं तशा घेऊन गेला.

तो चुकीचं बोलत नव्हता. गाडीच्या दृष्टीने पापच होतं ते. पण गाडीच्या दृष्टीने बघायला गाडी आमची कोण लागते? मामा माझ्या आईचा भाऊ. शाळेने आणि मी एकमेकींना नववीत सोडलं, तेव्हा घरात सगळे डोक्याला हात लावून बसले होते. मामा एकटा म्हणाला, “हिचे हात रिकामे आहेत ना? मग मला द्या.” त्याचं गॅरेज ब्रेक आणि स्प्रिंगांचं. तेव्हापासून मी तिथेच आहे. मामाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझ्या हातात आपोआप पाना येतो. त्यामुळे तो हे का करत होता ते मीच नीट सांगते, लोक सांगतात ते निम्मं खोटं असतं.

जावयाच्या आधी आमच्याकडे कजाग होती.

कजाग पण जपानीच, पण दुसऱ्याच घराण्यातली. निळी, बुटकी, बॉनेटवर हवा ओढायचं भोक, मागे डिकीवर पाट ठोकल्यासारखा भलामोठा पंख. चार दारांची घरगुती गाडी, पण तिची सगळी जात रॅलीची. कच्च्या रस्त्यावर, दगडधोंड्यांतून पळवायला बनवलेली आणि मग सरळ कपडे घालून शहरात पाठवलेली. चारही चाकांना ताकद. वेग घेतला की टर्बो अशी शिट्टी घालायचा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. आणि कडक! नाण्यावरून गेली तर छापा की काटा ते बुडाला कळायचं.

मामी तिच्यात मामाच्या शेजारी बसायची. नेहमीच बसायची, पहिल्यापासून.

तरुणपणी मामा डोंगरातल्या छोट्या रॅलींत गाडी चालवायचा. मोठं नाव वगैरे काही नाही, आमच्यासारख्यांच्या रॅली. तिथे चालवणाऱ्याच्या शेजारी एकजण पुढचा रस्ता वाचायला लागतो. पुढचं वळण कुठलं, किती वाकडं, कुठे गाडी उडणार, हे तो आधी सांगतो आणि चालवणारा दिसायच्या आधीच वळतो. मामाला हे वाचायला एक मित्र मिळाला होता. तो पहिल्याच सरावात तिसऱ्या वळणावर ओकला. त्याची बहीण डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, “सरक, मी बसते.” ती मामी.

“भीती नाही वाटली?” मी एकदा विचारलं होतं.

“वाटली ना. पण वाचता वाचता भ्यायला वेळ कुठे मिळतो?”

त्यांची भाषा त्यांचीच होती. ‘उजवा लांब’ म्हणजे उजवीकडे सावकाश जाणारं मोठं वळण. ‘डावा बंद’ म्हणजे आत आत आवळत जाणारं. ‘कापू नको’ म्हणजे आतल्या कडेला दगड आहे, जवळून मारू नको. मामा म्हणायचा, मी डोळ्यांनी गाडी चालवलीच नाही कधी, हिच्या तोंडाने चालवली. घरात ती त्याला अहोजाहो करायची, गाडीत बसली की एकेरीवर यायची. “दाब! दाब की! झोपलास?” आणि मामा तिला मास्तरीण म्हणायचा.

मग साखरेने मामीचे डोळे नेले. सावली आणि उजेड एवढंच उरलं. डोळ्यांमागून किडन्या गेल्या. मग एक दिवसाआड डायलिसिस.

डायलिसिसबद्दल लोकांना वाटतं काहीतरी मोठं, भयंकर असेल. तसं काही नसतं. ते कंटाळवाणं असतं. एक लांब खोली, खुर्च्यांची रांग, प्रत्येकाच्या हातातून नळ्या निघून मशीनमध्ये जातात. मशीन टुक टुक करतं. बाहेर आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तेच टीव्हीवर आवाज बंद करून चाललेलं काहीतरी, तीच फरशी पुसणारी बाई, तिचं तेच “पाय उचला.” मला तर एका जागी बसवतच नाही, मी पार्किंगमध्ये लोकांच्या टायरातली हवा बघत फिरायची. मामा बसून राहायचा. बसल्या बसल्या झोपायचा, झोपेतून दचकून उठायचा, परत झोपायचा. दमायला काही डोंगर उपसावा लागत नाही. रोजचंच रोज केलं तरी पुरतं.

पण जाताना आणि येताना कजागमध्ये मजा असायची. मामी डोळे मिटून बसायची आणि रस्ता वाचायची. कागद नाही, डोळे नाहीत. बुडाखालून काय येतंय त्यावरून.

“गल्ली संपली. डावा. पुढे झाकण आहे गटाराचं, सांभाळ. आता पूल. सांधा… सांधा… सांधा… उजवा लांब, बाहेरून घे. कापू नको, तिथे खडी पडलीय.”

खडी खरंच असायची. मी मागून बघायची आणि थक्क व्हायची.

“मामी, कालपर्यंत नव्हती ही खडी!”

“भवाने, कालपर्यंत मागच्या चाकाला वाजत पण नव्हती.”

कजागचं तसंच होतं. ती सगळं तोंडावर बोलायची. रस्त्यात जे असेल ते, बरं असो वाईट असो, तुमच्या हाडात आणून टाकायची. 

मग एकदा परत येताना, पुलावरच, मामी म्हणाली, “मला ही गाडी आता सोसत नाही.”

मामाने आरशात न बघता सरळ तिच्याकडे मान वळवली. चालत्या गाडीत तो असं कधी करत नाही.

“काय सोसत नाही?”

“धक्के. हाडं खिळखिळी होतात माझी. मऊ गाडी बघा ना एखादी. आता काय आपल्याला शर्यत लावायचीय?”

मामाने गाडी हळू केली. घरी आल्यावर गाडीतून उतरला, नेहमीसारखा हप्त्याहप्त्याने. आधी एक पाय, मग छप्पर धरून थोडा वेळ, मग दुसरा पाय, मग कंबर. त्याची कंबर कधीचीच गेलेली. शर्टाच्या आत रुंद पट्टा बांधायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही, आमच्या धंद्यात कंबर ही पगारातून कापून घेतात. उतरून तो कजागच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला म्हणाला, “आपण बाईमाणसाला दगडासारखं आपटत नेत होतो गं. आणि ती एवढे दिवस बोलली नाही.”

आणि काय योग म्हणावा, त्याच आठवड्यात शंभरनंबरी जावयाला घेऊन दारात हजर. “म्हटलं, तुला लागेल कदाचित.” दलालांना गिऱ्हाइकाचा वास येतो हे मला माहीत होतं, म्हणून मी तेव्हा फार विचार केला नाही. मामाने एक चक्कर मारली. कजागची चावी त्याच्या हातात दिली, जावयाची घेतली. अदलाबदल. कजाग गल्लीतून शिट्टी घालत गेली तेव्हा मामा आत जाऊन उगाचच हात धूत बसला.

आता खरं सांगायचं तर जावई गाडी म्हणून काय होता! मी वंगणात लोळणारी मुलगी, पण त्याच्यात बसताना मी पँट झटकायची. सहा सिलेंडरचं इंजिन चालू आहे की बंद हे काट्यावर बघावं लागायचं. गिअर स्वतःचे स्वतः बदलायचे, तेही खाकरल्याशिवाय. खड्ड्यावरून गेला की वाटायचं, खड्डा शेजारच्या गल्लीत असेल. लोक विचारतात, दोन्हींत चांगली कुठली. चालवायला कजाग, बसायला जावई, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मी वेगळं सांगते. कजाग तुमच्याशी भांडते, पण लपवत काही नाही. जावई तुम्हाला फुलासारखं जपतो आणि सगळं पोटात ठेवतो.

पहिल्या दिवशी मामी बसली, सीटवरून हात फिरवला, म्हणाली, “वा. गादीच की.” मग मामाला म्हणाली, “तुम्हाला कशी वाटते? नीट बसता येतं ना?”

“माझं काय विचारतेस, तुझं सांग.”

“छान आहे. फार छान.”

निघालो. गल्ली संपली, मामी गप्प. गटाराचं झाकण आलं, गेलं. पुलावर आलो. मामा वाट बघत होता, मला मागून त्याचा कान दिसत होता, पुढे झालेला. सांधे आले असतील, पण जावयाने ते आमच्यापर्यंत पोचूच दिले नाहीत. मामी म्हणाली, “पूल आला का?”

“झाला पण,” मामा म्हणाला.

“हो? बरं.”

मग हेच रोज. मामा बिचारा स्वतःच सांगायला लागला, “डावीकडे वळतोय हं. आता सिग्नल.” बसमधल्या कंडक्टरसारखा. ती “बरं” म्हणायची. एकदा सेंटरच्या फाटकातून तिला धरून आत नेत होते, तेव्हा मागच्या रस्त्यावरून कजाग गेली. नवीन मालक कुणी पोरगा होता. मामी थांबली. आवाज जाईपर्यंत मान तिरकी करून उभी राहिली.

“तिसऱ्यात ओढतोय मेला,” म्हणाली. “चौथा टाकायला हवा होता.”

कितीतरी दिवसांनी एवढं बोलली होती ती.

आणि मग एका सकाळी तिने चपला घातल्याच नाहीत. खाटेवर बसून राहिली.

“आज नको.”

मामाने समजावलं. मी समजावलं. माझी आई येऊन रडून गेली. मामी चिडली नाही, ओरडली नाही, नुसती नको म्हणत राहिली. त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले, रात्रभर तिला पडवेना. पुढच्या वेळी उचलून नेली तेव्हा नर्सने मामाला बाजूला घेऊन सांगितलं, दोनतीनदा असं झालं तर चौथ्या वेळी आणूच नका, उपयोग नसेल. मामाने मान हलवली. तो माणूस तेव्हा एवढा थकलेला होता की त्याला रडायचं पण काम जमलं नसतं.

घरी मी मामीचे पाय दाबत बसले होते. म्हटलं, “मामी, काय होतंय नक्की? मशीन त्रास देतं?”

“मशीन कशाला त्रास देतंय. झोपून असते मी.”

“मग?”

तिने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, “सामान हलवल्यासारखं झालंय गं माझं. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं. मशीनवर अंधार, घरात अंधार. तेवढा एक रस्ता होता माझ्याकडे. गाडीत बसले की मला कळायचं मी कुठे आहे. आता दार लागतं आणि थेट तिथे उघडतं. मधलं सगळं गेलं.” आणि लगेच, “हे मामांना सांगू नकोस. त्यांनी एवढ्या हौसेने घेतलीय.”

सांगायची गरज नव्हती. मामा दारात उभा होता. हातात औषधाचं पाणी. त्याने पेला तिथेच खिडकीत ठेवला आणि आवाज न करता गॅरेजला गेला. मी मागोमाग पळाले, तर तो व्हॅनच्या स्प्रिंगा काढून ठेवल्या होत्या त्या कोपऱ्यात उकिडवा बसून एकेक दाबून बघत होता.

“कजाग परत मागायची का?” मी म्हटलं.

“तो पोरगा देणार नाही. आणि तेवढा वेळ नाही.” मग म्हणाला, “गाडी काय, बोलायला शिकवता येते.”

म्हणून शंभरनंबरीची बोंबाबोंब. दोन दिवस आम्ही जावयाचं ते केलं. आखूड, कडक स्प्रिंगा. कडक शॉकअप. मऊ रबरं काढून टणक घातली. मामीच्या पायाखालचं जाजम उचकटलं, त्याच्याखालचा, धक्के पिणारा जाड नमदा फाडून काढला. टायर हवा भरून दगड केले. मी मधेच म्हटलं, “मामा, फक्त मामीच्या बाजूने करू ना. तुझ्या बाजूला मऊच राहू दे.”

तो खालून हसला. कितीतरी दिवसांनी. “अगं, तशी गाडी वाकडी चालेल. अर्धी कडक, अर्धी मऊ असं नसतं गाडीत. बसला तर धक्का दोघांना बसतो.” मग बाहेर यायला त्याला माझा हात लागला. बाहेर आल्यावर जॅकला टेकून तो बराच वेळ डोळे मिटून उभा होता.

डायलिसिसच्या दिवशी मामीला काही सांगितलं नाही. मामा एवढंच म्हणाला, “आज एकदाच चल. परत आग्रह नाही करणार.” तिने त्याच्या आवाजाकडे तोंड केलं आणि चपला घातल्या.

बसली. दार लागलं. मामाने गाडी गल्लीतून काढली आणि गटाराच्या झाकणावर मुद्दाम घातली. धाड! माझे दात वाजले. मागच्या काचेत ठेवलेला टिश्यूचा डबा उडून माझ्या मांडीवर पडला.

मामी ताठ झाली.

पुढे स्पीडब्रेकर. धाड, धाड. मग पूल. ठक. ठक. ठक.

“काय केलंत तुम्ही हिला?” ती हळू म्हणाली.

“काही नाही. स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या होत्या. बदलल्या.”

“अहो, नव्या गाडीसारखी होती. मखमल होती नुसती. कशाला…”

“मास्तरीण,” मामा म्हणाला, “पूल संपतोय. पुढे काय आहे ते मला दिसत नाही.”

मग तिने डावा हात दाराला धरला, उजवा हात चाचपडत मामाच्या पाठीमागे नेला आणि त्याची पाठ आणि सीट यांच्या मधे, कमरेच्या पट्ट्यावर, घालून ठेवला. मला मागून दिसत होतं. मला वाटलं, मायेने ठेवला असेल.

“उजवा लांब,” ती म्हणाली. “बाहेरून घे. कापू नको.”

“दाबू?”

“दाब की. झोपलास?”

सेंटरपर्यंत तिने हात काढला नाही, आणि एकही वळण चुकवलं नाही.

त्यानंतर ती एकदाही नको म्हणाली नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडी गेली, मामी जात राहिली. रस्ता खोदला तर शिव्या द्यायची, डांबर पडलं तर चार दिवस नाखूष असायची. शेवटी गेली ती मशीनवर नाही आणि गाडीत नाही, घरी, सकाळी, चहा थंड होईपर्यंत. आम्ही सगळेच इतके दमलो होतो की रडायला पण दोन दिवस लागले.

मामा त्यानंतरही जावईच चालवतो. खरं म्हणजे आता मीच चालवते, तो शेजारी बसतो. मामीनंतर त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चालवणं बंद केलं. पण दर खड्ड्याला त्याचा चेहरा बघवत नाही. स्प्रिंगा मऊ करू म्हटलं की, “राहू दे, चांगली बोलते गाडी,” म्हणतो. म्हणून मी त्याला न विचारता शंभरनंबरीकडे गेले, जुन्या स्प्रिंगा मागायला.

त्याने त्या अजून ठेवल्या होत्या, त्याच पोत्यात, तेल लावून. मी म्हटलं, मामाच्या कमरेसाठी हव्यात. तो स्प्रिंग हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्यासारखा माणूस गप्प झाला की भीती वाटते.

“त्याच्या कमरेसाठीच तर आली होती ही गाडी,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तुझ्या मामीने फोन केला होता मला. म्हणाल्या, ह्यांची कंबर पार गेलीय, निळी गाडी आता ह्यांना मारेल, पण स्वतःसाठी हे मऊ गाडी जन्मात घ्यायचे नाहीत. तेव्हा मीच सांगते की माझी हाडं दुखतात. तुम्ही एखादी बघून ठेवा. मी विचारलं, वहिनी, तुमच्या बाजूची सीट कशी हवी? तर म्हणाल्या, माझी कशीही चालेल. चालवणाऱ्याच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा, दिवसभर गाडी फिरवा, आणि उतरताना कंबर धरावी लागली नाही तरच घेऊन या. मी फिरवली, पोरी. दिवसभर फिरवली. मग फोन केला, वहिनी, शंभर नंबरी.”